गेटवर अडायचं नसेल तर : कॅडेट्सना घेऊन शनिवार-रविवारची लष्करी तळाची भेट

गेटवरच्या जवानाचं बोट यादीवरून खाली खाली आलं, बाविसाव्या नावाशी थांबलं आणि त्याने आधार कार्ड पुन्हा एकदा निरखून पाहिलं. 'ज्ञ'ने सुरू होणारं नाव. शाळेच्या जनरल रजिस्टरात ते इंग्रजीत 'डी-एन-वाय'ने लिहिलेलं, आधारवर 'जी-वाय'ने. यादी आम्ही रजिस्टरावरून केली होती. एकोणतीस मुलं आत गेली आणि ही एक मुलगी कडक इस्त्रीच्या खाकीत, बेरेटवरचा हॅकल, म्हणजे पिसांचा तुरा, नीट उभा करून, गेटबाहेरच्या बाकावर सव्वा तास बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसले होते. जवान त्याचं काम चोख करत होता. आतून अधिकाऱ्यांची सही आली आणि तिला घेतलं, पण ज्यासाठी ती तीन आठवडे धडपडत होती ते प्रात्यक्षिक तोवर संपलं होतं.

परळच्या एका शाळेत मी एनसीसीची एएनओ, म्हणजे पथक सांभाळणारी शिक्षक-अधिकारी आहे. त्या दिवसापासून सहलीची सगळी आखणी मी नावांच्या यादीपासून सुरू करते. बस, जेवण, मुक्काम हे नंतर. नव्याने एएनओ किंवा सीटीओ (पथकाची तात्पुरती जबाबदारी घेणारे) झालेले शिक्षक, आरएसपी (रस्ता सुरक्षा पथक) किंवा स्काऊट-गाईडचं पथक सांभाळणारे, आणि मदतीला येणारे पालक, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी ठिकाण ठरवा, आणि एकच ठरवा

मुंबईत राहून आपण मोठ्या नशिबाचे आहोत. नौदलाच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. कुलाब्याला नौदलाच्या हेलिकॉप्टरांचं 'आयएनएस शिक्रा', मालाड-मार्व्याला 'आयएनएस हमला', आणि फोर्टात कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारं 'आयएनएस आंग्रे'. मुक्कामाची कटकट नको असेल, किंवा पथक अगदीच नवखं असेल, तर पहिली भेट शहरातलीच ठेवा. 4 डिसेंबर हा नौदल दिन. 1971 च्या युद्धात याच तारखेच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला होता. या दिवसांच्या आसपास शाळकरी मुलांना युद्धनौका दाखवण्याचा प्रघात आहे, त्यामुळे चौकशी ऑक्टोबरमध्येच करायला घ्या.

मुक्कामी जायचं तर माझी पहिली पसंती लोणावळ्याला. 'आयएनएस शिवाजी' 1945 पासून तिथे आहे आणि नौदलाच्या इंजिनिअरिंगचं प्रशिक्षण तिथे चालतं. जहाजात आग लागली, पाणी शिरलं तर काय करायचं, हेही तिथे शिकवतात. मुलं हमखास विचारतात, "मॅडम, घाटात जहाज कुठून आलं?" नौदल आपल्या जमिनीवरच्या तळांनाही जहाजासारखंच नाव देतं आणि जहाजासारखंच 'कमिशन' करतं, हे तेव्हा सांगा. त्या एका उत्तराने मुलं पुढचे दोन दिवस कान टवकारून ऐकतात.

पुण्याजवळ खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथल्या मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक हे नाव का पडलं, हे जाण्याआधीच सांगून ठेवा. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी सुदानसाठी जे केलं त्याची जाण म्हणून सुदानने एक लाख पौंड दिले, त्यातून ही वास्तू उभी राहिली. मुलींच्या पथकाला शक्य असेल तर एनडीएच दाखवा. मे 2025 मध्ये तिथून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. आठवीतली मुलगी त्या कवायतीच्या मैदानाकडे वेगळ्या नजरेने बघते, ते मी पाहिलं आहे. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. ते 1994 पासून सुरू आहे आणि सामान्य लोकांसाठीही खुलं असतं, त्यामुळे कागदपत्रांची सवय नसलेल्या पथकाला सोपं जातं. लांब मात्र आहे. दोन दिवसांत जाऊन-येऊन मुलं पार थकतात.

एका फेरीत दोन तळ बसवायच्या फंदात पडू नका. एका गेटवर उशीर झाला की दुसऱ्या गेटची वेळ गेलीच.

तारीख

26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या आसपासचे आठवडे सोडा, बंदोबस्त कडक असतो. एनडीएला मेअखेर आणि नोव्हेंबरअखेर पासिंग आउट परेड असते, तेव्हा तिथल्या कुणालाच सवड नसते. लोणावळ्याला पावसाळ्यात शनिवार-रविवारी जाऊच नका. 'आयएनएस शिवाजी'चा रस्ता भुशी धरणावरून जातो आणि जुलैतल्या रविवारी तिथे गाड्यांची जी रांग लागते तीत बस तास-दोन तास अडकून पडते. शिवाय पाणी दिसलं की मुलांचे पाय तिकडे वळतात. 30 जून 2024 ला भुशीच्या वरच्या अंगाला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते दृश्य ज्यांनी मोबाईलवर पाहिलं असेल त्यांना जास्त सांगायला नको. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि जानेवारीचा पहिला, हा काळ मला सर्वांत बरा वाटतो. सहामाही परीक्षा संपलेली असते, हवा छान असते आणि खाकी घामाने भिजत नाही.

पत्र आणि यादी

मी तीन महिने हातात धरून चालते. पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने, शाळेच्या लेटरहेडवर. एनसीसीचं पथक असेल तर ते सरळ तळाकडे पाठवायचं नाही. आपल्या बटालियनच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांकडे द्यायचं, तिथून ते ग्रुप हेडक्वार्टरमार्फत पुढे जातं. बटालियनमधल्या पीआय स्टाफशी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्या लष्करी प्रशिक्षकांशी, तुमचं बोलणं चांगलं असेल तर निम्मं काम झालं म्हणून समजा. हवालदार साहेबांना विचारा, "साहेब, मसुदा एकदा नजरेखालून घालाल का?" त्यांना नेमकं माहीत असतं कुठलं वाक्य अडेल. आरएसपी, स्काऊट किंवा शाळेचंच स्वतःचं पथक असेल तर मुख्याध्यापकांनी तळाच्या कमांडिंग ऑफिसरांच्या नावे पत्र द्यावं आणि पोच घ्यावी.

पत्रात एवढं हवंच : भेटीचा हेतू, पसंतीची तारीख आणि तिच्याशिवाय आणखी दोन तारखा, मुलं किती आणि मुली किती, वयोगट, सोबतचे प्रौढ, प्रवासाचं साधन, आणि आत किती वेळ थांबायची इच्छा आहे ते. 'काय दाखवाल ते दाखवा' असं लिहू नका. प्रशिक्षण विभाग, संग्रहालय, अधिकाऱ्यांशी अर्धा तास गप्पा, अशी साधी मागणी लिहा. स्पष्ट मागणीला स्पष्ट उत्तर येतं. आत मुक्काम मिळेलच असं धरून चालू नका. विनंती करा, पण राहायची सोय बाहेर करून ठेवा.

आता यादी. एनसीसीत तिला नॉमिनल रोल म्हणतात. नाव आधार कार्डावर जसं इंग्रजीत आहे तसंच, अक्षर न अक्षर. वडिलांचं नाव मध्ये आहे की शेवटी, आडनाव आधी आहे की नंतर, 'डब्ल्यू' आहे की 'व्ही', सगळं तसंच ठेवा. मराठी नावांना इंग्रजीत पाच तऱ्हेने लिहायची आपली सवय इथे महागात पडते. मी मुलांकडून आधारची झेरॉक्स मागवते, यादी टाईप करते, मग एका रविवारी परेडनंतर प्रत्येकाला आपापल्या नावासमोर सही करायला लावते. मूल स्वतः वाचतं तेव्हाच चूक सापडते. गेल्या वेळी तीसात चार सापडल्या. मूळ आधार प्रवासाच्या दिवशी सोबत हवं; ते मुलांच्या दप्तरात नको, दहा-दहांच्या गटप्रमुख शिक्षकाकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये असू द्या.

प्रौढांची नावं, बसचा नंबर, ड्रायव्हर आणि क्लीनरचं नाव-ओळखपत्र, हेही त्याच यादीत घ्या. ड्रायव्हर ऐनवेळी बदलला म्हणून बस बाहेर थांबवून मुलांना गेटपासून आत बरंच चालावं लागल्याचं मी ऐकलं आहे, म्हणून बसवाल्याकडून दोन ड्रायव्हरांची नावं घेऊन दोन्ही देते. पथकात परदेशी पासपोर्ट असलेलं मूल असेल तर ते पहिल्याच पत्रात लिहा, कारण त्याची परवानगी वेगळी असते.

परवानगी आली तरी ती शेवटच्या दिवशीही रद्द होऊ शकते. त्या जागा आपल्यासाठी उभारलेल्या नाहीत, त्यांचं काम आधी. मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत भेटीचा विषय काढणंसुद्धा बरं दिसलं नसतं. म्हणून दुसरी योजना कागदावर तयार ठेवा. कुलाब्याला अडलं तर 1858 चं अफगाण चर्च पाहता येतं, पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांचं ते स्मारक आहे. पुण्यात घोरपडीला लोकवर्गणीतून उभं राहिलेलं युद्धस्मारक आहे. लोणावळ्याला असाल तर लोहगड आहेच.

पालक आणि पैसे

पालकसभा संध्याकाळी साडेसातनंतर घ्या. आमच्याकडचे बरेच पालक कामावरून लोकलने येतात. पाचची सभा ठेवली तर निम्मेच येतात आणि उरलेल्यांना निरोप अर्धवट पोचतो. संमतीपत्रात मुलाचा रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, दम्याचा त्रास, आणि दोन फोन नंबर घ्या. दुसरा नंबर आई-वडिलांचा नको, मावशी-काका असा वेगळ्या घरातला घ्या. 'घाटात उलटीची गोळी दिली तर चालेल का' हा साधा प्रश्नही लेखी विचारा.

मुलींचं पथक असेल तर महिला शिक्षिका किंवा जीसीआय (मुलींच्या पथकाची महिला प्रशिक्षक) असल्याशिवाय निघूच नका. दहा मुलांमागे एक प्रौढ हा माझा नियम आहे, त्यावर एक प्रौढ जास्तीचा. कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर गट उघडा पडता कामा नये. आणि कोणताही प्रौढ एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही, हे पालकांसमोरच सांगून टाका.

पैशाबद्दल मी अगदी ठाम आहे : पैशावाचून एकही मूल मागे राहता कामा नये. वर्गणी तीन हप्त्यांत घ्या. ज्याला जमत नाही त्याचं माजी विद्यार्थ्यांकडून परस्पर भरा, आणि ते कुणाला कळू देऊ नका, त्या मुलालासुद्धा नाही. खर्चाचा अंदाज केल्यावर त्यात दहा टक्के वर धरा. शाळेच्या सहलीला एसटी भाड्यात सवलत देते. आगारात मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन लवकर गेलात तर गाडी मिळते. डिसेंबरात सगळ्याच शाळा सहलीला निघतात.

प्रवास

लोणावळ्याला मी रेल्वेनेच जाते. पहाटेची इंद्रायणी पकडली की कर्जतला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागतं, तेवढ्यात मुलांचा वडापाव होतो, आणि घाट चढताना खिडकीतून दरी दिसते. मुलांना सहल तिथूनच सुरू झाल्यासारखी वाटते. आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं, तेव्हा परवानगीची वाट पाहत बसलात तर तिकिटं संपतील. तिकिटं काढून ठेवा. रद्द करावी लागली तर थोडं नुकसान सोसा.

दादरला जमायचं असेल तर 'पुलावर भेटू' असं म्हणू नका. डिसेंबर 2023 पासून दादरचे फलाट सलग क्रमांकाचे झाले आहेत, मध्य रेल्वेचे 8 पासून सुरू होतात. जुने पालक अजून जुन्याच नंबरवर जाऊन उभे राहतात. फलाटाचा नंबर आणि 'पुढचं इंजिन' की 'मागचा डबा' हे दोन्ही आदल्या रात्री निरोपात टाका. येताना रविवार असतो, म्हणजे मेगाब्लॉक. गाडी दादरला उतरवेल, पण तिथून हार्बरची मुलं चेंबूर-मानखुर्दला कशी जाणार, हे शुक्रवारी वेळापत्रक बघून ठरवून ठेवा.

लोणावळा स्टेशनपासून तळ आठेक किलोमीटर आहे, त्यासाठी मिनीबस आधी बोलून ठेवा. मुक्कामाला ओळखीच्या शाळेचा हॉल किंवा संस्थेचं वसतिगृह बरं. मुलं-मुली वेगळ्या मजल्यावर, येण्याजाण्याचं दार एकच, आणि त्या दाराशी रात्री एक शिक्षक.

बॅगेत काय, पायात काय

नवे बूट घालून कुणालाही नेऊ नका. माझा सगळ्यात जास्त वेळ टाचेच्या फोडांवर गेला आहे. परेडचे डीएमएस बूट नवे असतील तर आधी पंधरा दिवस रोज अर्धा तास घरात घालून फिरायला सांगा. सुती मोजे दोन जोड. एक मुलगा वडिलांचे नायलॉनचे मोजे घालून आला होता. दुपारी बूट काढला तेव्हा टाचेची कातडी मोज्याला चिकटलेली. त्याने दिवसभर एक शब्द काढला नव्हता, कारण रांगेत बोलायचं नाही असं मीच शिकवलं होतं. तेव्हापासून मी दर दोन तासांनी विचारते, "कुणाचे पाय दुखतायत?" आणि हात वर करणाऱ्याला शाबासकी देते.

वर्दी प्रवासात नको. ट्रॅकपँट-टीशर्टवर जायचं, वर्दी इस्त्री करून हँगरला, वरून प्लास्टिकचं कव्हर. बेरेट डब्यात. बक्कलला ब्रासो पॉलिश आदल्या रात्री मारा, सकाळी घाईत मारला की पांढरा डाग वर्दीवर उमटतो. एक लिटरची पाण्याची बाटली, जेवणाचं ताट-वाटी-चमचा, स्वेटर, टॉर्च, छोटी वही-पेन. मुलींच्या गटासाठी सॅनिटरी पॅडची एक पिशवी शिक्षिकेकडे, आणि ती कुठे आहे ते प्रत्येक मुलीला आधी सांगितलेलं असावं. प्रथमोपचाराच्या पेटीत चिकटपट्ट्या भरपूर, ओआरएस आणि थर्मामीटर.

उपाशीपोटी फॉल-इन नको. पोहे, उपमा, काहीतरी पोटात गेल्यावरच उन्हात उभं करायचं. परेडमध्ये मूल चक्कर येऊन पडतं ते बहुतेक वेळा न खाल्ल्यामुळे.

गेटच्या आत

मोबाईल गेटवर जमा करावे लागतात असंच धरून चाला. मी तर मुलांना मोबाईल आणूच देत नाही. शिक्षकांच्या फोनवर पालकांना दिवसातून तीनदा निरोप जातो. फोटो फक्त तळावरचे अधिकारी सांगतील तिथे आणि तेवढाच. आत काय कुठे आहे, किती आहे, हे ग्रुपवर लिहायचं नाही, लाईव्ह लोकेशन टाकायचं नाही. 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आजही लागू आहे, आणि तो मुलांना घाबरवायला नाही तर समजावून सांगायचा असतो. आठवीच्या मुलाला 'ही माणसं आपल्या भरवशावर आपल्याला आत घेतायत' एवढं म्हटलं की पुरतं.

जाण्याआधीच्या दोन रविवारच्या परेड या तयारीला द्या. पदांच्या खुणा शिकवा. नौदलातला लेफ्टनंट म्हणजे भूदलातला कॅप्टन, हे समजलं की मुलं खांद्याकडे बघून बरोबर ओळखतात. 2 सप्टेंबर 2022 ला नौदलाचं निशाण बदललं, त्यावरची अष्टकोनी चौकट शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतली आहे, हे सांगून निशाण वहीत काढायला लावा. प्रत्येकाकडून एक प्रश्न लिहून घ्या. 'तुम्हाला भीती वाटते का' हा प्रश्न अडवू नका. एका अधिकाऱ्यांनी त्यावर खुर्ची ओढून घेतली आणि मुलांमध्ये बसून वीस मिनिटं उत्तर दिलं. सगळ्या भेटीत मुलांना तेवढंच शब्दन् शब्द आठवतं. अधिकारी असोत, जवान असोत, की लंगरात भाजी वाढणारे दादा, प्रत्येकाला तितक्याच खणखणीत आवाजात 'जय हिंद'. ताटात टाकायचं नाही, आपलं ताट आपण धुवायचं.

रविवार

शनिवारी तळ झाला असेल तर रविवारी सकाळी मळवलीला उतरून लोहगड चढा. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांमध्ये तो आहे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी एकामागोमाग चार दारं वळणं घेत वर जातात. काल ज्या मुलांनी गेटवर तपासणीसाठी रांग लावली होती त्यांना इथे थांबवून विचारा, 'शत्रू इथवर आला तर तो वरून कुठून कुठून दिसू शकतो?' उत्तरं तीच देतात, आपण फक्त उभं राहायचं. दुपारी लोणावळा-पुणे लोकल कमी असतात, उतरायची वेळ त्या हिशेबाने ठरवा.

परतीच्या गाडीत मुलं झोपतात. कल्याण गेलं की उठवा, बॅगा मोजा. दादरला प्रत्येक मूल पालकाच्या हाती सोपवताना त्याच यादीवर पालकाची सही घ्या. 'काका घ्यायला आलेत' एवढ्यावर सोडू नका, आईला फोन लावा. शेवटची सही होईपर्यंत फलाट सोडायचा नाही.

बुधवारच्या आत आभाराचं पत्र गेलं पाहिजे, ज्या मार्गाने परवानगी आली त्याच मार्गाने. सोबत मुलांनी हाताने लिहिलेली चार-पाच पत्रं जोडा, शुद्धलेखन न सुधारता. यंदा त्या 'ज्ञ'वाल्या मुलीने यादी तपासायचं काम मागून घेतलं आहे. ती आता नववीत आहे, आणि लाल पेन घेऊन बसते.